पानं सुरकुतली, मुळं सडली, तरी ऑर्किड वाचतं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही नीट कळेल. वास्तुशांतीला भेट म्हणून आलेलं जांभळं फॅलेनॉप्सिस, म्हणजे ऑर्किडचाच एक प्रकार, तीन महिने फुलं छान टिकली, मग गळली, त्यानंतर पानं मऊ पडून लोंबायला लागली, उभ्या सुरकुत्या आल्या. पाणी कमी पडतंय असं वाटून तुम्ही रोज घालायला सुरुवात केली, तर पानं आणखीनच लोळली. शेवटी कुंडीतून काढून बघितलंत तेव्हा मुळं तपकिरी आणि पिचपिचीत निघाली, दोन-तीनच बरी वाटतायत. आणि आता कोणी म्हणतं दालचिनी लावा, कोणी म्हणतं साखरपाण्यात ठेवा, कोणी म्हणतं टाकून द्या आणि नवीन आणा.

टाकू नका. मधला कोंब हिरवा आणि घट्ट आहे असं तुम्ही लिहिलंय, ह्या झाडाचा जीव तिथेच असतो. दोन-तीन जिवंत मुळं म्हणजे तर चांगली परिस्थिती आहे, एकही मूळ न उरलेली झाडं मी उभी राहिलेली बघितली आहेत. वेळ मात्र लागेल, दोन-चार आठवड्यांचं काम नाहीये हे, सहा महिने ते वर्ष धरून चला.

आधी झालंय काय ते समजून घ्या, कारण हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचत जातं. पानं सुरकुतली म्हणजे झाडाच्या अंगात पाणी नाही हे बरोबर आहे. पण तुमच्या कुंडीत पाणी होतं, भरपूर होतं, ते आत नेणारी मुळंच मेली होती. मुळं मेली म्हणून पानं सुकली, पानं सुकली म्हणून आपण अजून पाणी घातलं, त्याने उरलेली मुळंही गुदमरली. घरातली बहुतेक फॅलेनॉप्सिस ह्याच फेऱ्यात जातात. तहानेने क्वचितच जातात.

मुळं गुदमरतात म्हणजे काय? हे झाड मुळात मातीतलं नाही. फिलिपिन्स, इंडोनेशिया, तैवान ह्या भागातल्या जंगलात झाडांच्या खोडांना चिकटून वाढणाऱ्या जातींपासून आजची ही सगळी संकरित फॅलेनॉप्सिस तयार झाली. लांब कशाला, कोकणात किंवा घाटात मे-जूनमध्ये गेलात तर आंब्या-फणसाच्या फांदीवर सीतेची वेणी लटकलेली दिसेल, तिची मुळं बघा. जाड, पांढुरकी, सालीला घट्ट चिकटलेली, काही तर नुसती हवेत लोंबणारी. पावसाची सर आली की चिंब होतात आणि वारा सुटला की काही तासांत कोरडी. मुळाच्या बाहेर जे पांढरं आवरण असतं ते मेलेल्या पेशींच्या थरांचं असतं, ते स्पंजसारखं काही मिनिटांत पाणी शोषतं, ओलं झालं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसतो, सुकलं की परत चंदेरी. ह्या मुळांना पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि आपण काय करतो तर त्यांना ओल्या गच्च मॉसमध्ये, म्हणजे वाळवलेल्या शेवाळात, किंवा कोकोपीटमध्ये कोंबून, वर ते सगळं बिनभोकाच्या सिरॅमिकच्या सुंदर कुंडीत ठेवतो. खाली पाणी साठून राहतं आणि दिसतही नाही. तुमचीही कुंडी तशीच आहे असं लिहिलंयत, म्हणजे कारण शोधायला लांब जायला नको.

आता एक खात्री करून घ्या, कारण पानांची लक्षणं अगदी तीच पण कारण उलटं असंही असतं. खरोखर पाणीच न मिळालेलं झाड असेल तर मुळं बारीक, चपटी, कागदासारखी कोरडी असतात पण सडकी नसतात, वास येत नाही आणि अर्धा तास पाण्यात ठेवली की हिरवी होतात, फुगतात. अशा झाडाला फक्त नियमित पाणी द्यायचं, दोन-तीन आठवड्यांत पानं सावरायला लागतात, बाकी काही करावं लागत नाही. तुमचं पिचपिचीत आणि तपकिरी म्हणजे नक्की सडलेलं, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्यासाठी.

सुरुवात कोंबापासून करा. सगळ्यात वरचं मधलं पान दोन बोटांत धरून अगदी हलकं ओढून बघा. घट्ट असेल तर प्रश्न नाही. अलगद हातात आलं आणि बुडाशी काळपट-तपकिरी, ओलं दिसलं तर कोंब सडलाय, आणि फॅलेनॉप्सिसला वाढायला तो एकच कोंब असतो, तो गेला की झाड वर वाढत नाही. तरीसुद्धा कधीकधी बुडातून नवीन पिल्लू फुटतं, म्हणून मुळं चांगली असतील तर मी असं झाडही लगेच फेकत नाही. मग खोड बघा, पानांच्या खालचा तो आखूड बुंधा. नखाने दाबला तर कडक लागला पाहिजे. खालचं टोक काळं, वाळलेलं असेल तर धारदार ब्लेडने पातळ चकत्या काढत वर जा, आतला भाग पांढरट-हिरवा लागला की थांबा. तपकिरी छटा मधोमध वर वर जातच असेल आणि पानं बुडाकडून पिवळी पडत गळत असतील तर तो खोडातला बुरशीचा रोग असतो, त्यातून झाड वाचणं अवघड, आणि तसं असेल तर ते झाड बाकीच्यांपासून लांब ठेवा.

आता मुळं. घाईने कात्री लावू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. आधी सगळं जुनं माध्यम, म्हणजे कुंडीतला भराव, काढा, बोटांनी, नळाच्या बारीक धारेखाली. बुंध्याच्या अगदी खाली, मुळांच्या मधोमध, लिंबाएवढा मॉसचा किंवा फोमचा एक गोळा सापडेल बहुतेक. झाड रोपवाटिकेत लहान होतं तेव्हाचा तो असतो, मोठ्या कुंडीत लावताना तो तसाच आत ठेवतात. बाहेरून कुंडी कोरडी खडखडीत दिसते आणि हा गोळा आतून आठवडाभर ओला असतो, आणि नेमका बुंध्याला चिकटलेला असतो. अर्धं सडणं तिथूनच सुरू होतं. तो पूर्ण काढा, चिमट्याने, सुईने, थोडा वेळ लागला तरी चालेल.

मग झाड, म्हणजे फक्त मुळं, साध्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा आणि त्यानंतर एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकेच दाबा. टणक लागलं म्हणजे जिवंत. दाबल्यावर पाणी निघालं, आवरण बोटांत मोज्यासारखं सरकून निघालं आणि आत नुसता सुतळीसारखा धागा उरला, म्हणजे ते मूळ गेलं. पोकळ, कागदी लागलं तरी गेलंच. इथे रंगावर जाऊ नका. कोकोच्या आणि सालीच्या रंगाने चांगली मुळंसुद्धा तपकिरी होतात, कुंडीच्या आत अंधारात वाढलेली पिवळट असतात, ती टणक असतील तर ठेवायची. माझ्या मते सडण्यापेक्षा जास्त मुळं लोक ह्याच टप्प्यावर तपकिरी दिसली म्हणून कापून टाकतात. अर्धं मूळ सडलेलं असेल तर सडका भाग काढा आणि टणक भाग ठेवा, तीन सेंटीमीटरचा तुकडासुद्धा पाणी आत नेतो. आणि तो सुतळीसारखा धागा कोरडा आणि मजबूत असेल तर दोन-चार राहू द्या, झाड कुंडीत हलू नये म्हणून त्यांचा उपयोग होतो.

कात्री आधी स्पिरिटने पुसा किंवा गॅसच्या ज्योतीवर धरून गार होऊ द्या. दुसऱ्या झाडाला लावायच्या आधी परत. हे टाळू नका, ऑर्किडचे विषाणू कात्रीवरूनही एका झाडावरून दुसऱ्यावर जातात आणि त्यावर औषध नाही.

कापून झालं की दालचिनीचा प्रश्न येतो. दालचिनी बुरशीला रोखते हे खरं, पण ती कोरडं करते, आणि ज्या झाडाची चार मुळं उरली आहेत त्यांनाच कोरडं करायचं का? पान कापलं असेल, फुलाचा दांडा कापला असेल, बुंध्याची चकती काढली असेल तर त्या कोरड्या जखमेवर चिमूटभर लावा, छान काम करते. मुळांवर अजिबात नको. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तसंच, ते फेसाळतं ते बघून बरं वाटतं पण ते सडक्या आणि चांगल्या पेशींत फरक करत नाही, मुळांची कोवळी टोकं त्यात जळतात. मी वापरत नाही. सडणं जास्त असेल तर कृषी केंद्रात साफ नावाचं बुरशीनाशक मिळतं, कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं, ते एक लिटरला २ ग्रॅम घेऊन मुळं आणि बुंधा त्यात दहा मिनिटं बुडवा. हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा, स्वयंपाकघरातली भांडी वापरू नका, आणि घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर हे काम बाहेर करा. थोडंच सडलं असेल तर बुरशीनाशकाशिवायही चालतं, नीट कापणं आणि नंतर सावलीत वाऱ्यावर सुकवणं ह्यानेच बरंचसं काम होतं. कापल्यावर तीन-चार तास, अगदी रात्रभर, तसंच उघडं ठेवा. एवढं सुकलेलं झाड अजून रात्रभर कोरडं ठेवायचं ह्याची भीती वाटते लोकांना, पण ओल्या जखमा परत ओल्यात गेल्या तर सगळी मेहनत वाया जाते.

फुलाचा दांडा अजून असेल तर तोही कापा. हिरवा असला, त्यावर कळ्या असल्या तरी. मला कल्पना आहे जिवावर येतं, पण फुलं झाडाचं साठवलेलं पाणी आणि अन्न ओढतात आणि आत्ता ते सगळं नवीन मुळांकडे जायला हवं. खालचं एखादं पान पिवळं पडत असेल तर मात्र ओढून तोडू नका, झाड त्यातलं अन्नपाणी वर खेचून घेत असतं, पूर्ण वाळलं की आपोआप गळेल.

आता लावायचं कशात. तुमच्याकडे दोन-तीन टणक मुळं आहेत तर कुंडीत लावा, पण छोट्या कुंडीत. मोठ्या कुंडीत मुळं नसलेला भाग ओलाच राहतो आणि परत तेच होतं. मुळं जेमतेम मावतील एवढी चार इंचाची पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी घ्या, नाही मिळाली तर बिर्याणीच्या पार्सलचा उंच डबा किंवा कापलेली बाटलीही चालते, गरम सळईने तळाला आणि बाजूंना भरपूर भोकं पाडा. पारदर्शक अशासाठी की मुळांचा रंग दिसतो आणि पाणी कधी घालायचं ते विचारत बसावं लागत नाही. माध्यम म्हणून नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि लोणारी कोळसा अर्धा-अर्धा, तुकडे साधारण सुपारीएवढे. पाइनची साल मिळाली तर उत्तमच. नारळाचे तुकडे आधी दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी तीन-चार वेळा बदला, त्यात क्षार असतात आणि पहिलं पाणी चहासारखं निघतं. कोळसा म्हणजे लाकडाचा, बार्बेक्यूच्या विटा मिळतात त्या नको. कोकोपीट, म्हणजे ती भुकटी, कुठल्याही परिस्थितीत नको, माती तर नाहीच नाही.

लावताना झाड थोडं तिरकं लावा. जंगलात ही झाडं खोडावरून बाहेर झुकलेली असतात, त्यामुळे पाऊस कितीही पडला तरी कोंबात पाणी साठत नाही. आपण सरळ उभं लावतो आणि कोंबाची वाटी करून ठेवतो. बुंधा माध्यमाच्या पातळीवर, खाली पुरायचा नाही. आणि झाड हलता कामा नये, ह्याकडे फार कोणी लक्ष देत नाही. दोन मुळांवर उभं असलेलं झाड डगमगतं, आणि प्रत्येक हलण्याबरोबर नवीन मुळाचं कोवळं टोक खड्यावर घासून मरतं. काडी खोचून मऊ सुतळीने किंवा जुन्या टीशर्टच्या पट्टीने बांधून टाका.

ज्यांच्याकडे एकही टणक मूळ उरलेलं नाही त्यांनी कुंडीच्या नादी लागू नये. मुळंच नाहीत तर कुंडीत पाणी घालून ते जाणार कुठून? त्यांच्यासाठी झाकणाचा पारदर्शक डबा, मिठाईचा मोठा डबा किंवा कपडे ठेवायचा छोटा स्टोरेज बॉक्स. तळाला स्फॅग्नम मॉसचा बोटभर थर, मॉस भिजवून मुठीत असा पिळायचा की परत पिळला तर थेंबही पडू नये. त्यावर झाड आडवं किंवा तिरकं नुसतं ठेवायचं, बुंध्याचं टोक मॉसच्या जवळ पण पुरलेलं नाही, पानं आणि कोंब मॉसला न टेकता. झाकण लावून उजेडात ठेवा पण ऊन एक किरणभरही नको, बंद डब्यात पंधरा मिनिटांच्या उन्हाने झाड शिजतं. दोन-तीन दिवसांनी झाकण काढून दहा-पंधरा मिनिटं वारा लागू द्या, कापसासारखी बुरशी दिसली तर ते मॉस काढून टाका आणि एक दिवस झाकण उघडंच ठेवा.

ह्या डब्यात होतं काय, तर हवेत एवढी आर्द्रता असते की पानांतून पाणी जवळजवळ उडतच नाही, त्यामुळे झाड स्वतःच्या साठ्यावर तग धरतं आणि तेवढ्या वेळात बुंध्यातून नवीन मूळ काढतं. आत्ता झाडाला पाणी पाजता येत नाही, मग जे आहे ते टिकवणं एवढंच आपल्या हातात आहे. कुंडीतल्या झाडालासुद्धा हेच लागू. म्हणून ते एसीच्या खोलीत नको, पंख्याच्या झोताखाली नको, पश्चिमेच्या खिडकीत तर नकोच. बाकी झाडांच्या घोळक्यात ठेवा, शेजारी खडे भरलेल्या ताटात पाणी ठेवा, कुंडीचा तळ पाण्याला न टेकवता. पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कुंडीतल्या झाडावरही सैल पारदर्शक पिशवी उलटी घातली तर फार फरक पडतो, वरचे कोपरे थोडे कापून. मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे हवाच दमट असते, तिथे पिशवीची गरज नाही, तिथे उलट वारा खेळता ठेवायची काळजी जास्त.

पानांवर फवारा मारायचा का असं सगळेच विचारतात. पानांवर मेणासारखा थर असतो, त्यातून फारसं पाणी आत जात नाही, त्यामुळे तहान भागेल ही आशा ठेवू नका. फवारलेलं पाणी कोंबात उतरून रात्रभर राहिलं तर मात्र कोंब सडतो, आणि तो गेला की संपलं. मारायचाच असेल तर सकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, आणि कोंबात थेंब दिसला तर टिश्यूचं टोक लावून टिपून घ्या.

पाणी कधी? कुंडीच्या आत भिंतीला बाष्पाचे थेंब दिसतायत, मुळं हिरवी दिसतायत, तर नाही. मुळं चंदेरी झाली, थेंब गेले, कुंडी उचलल्यावर हलकी लागली, की त्या दिवशी सकाळी. द्यायचं तेव्हा भरपूर, कुंडी बेसिनमध्ये धरून वरून पाणी ओतायचं किंवा पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवायची, मग पूर्ण निथळू द्यायची. रोज चमचाभर घालायची सवय पूर्ण बंद. अंदाजच हवा असेल तर पुण्यात मे महिन्यात तीन-चार दिवसांनी, जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांनीही चालतं, पण तारखेपेक्षा मुळांकडे बघून ठरवा. सिरॅमिकची कुंडी आवडत असेल तर ठेवा, फक्त पाणी देताना आतली कुंडी बाहेर काढा आणि निथळल्यावरच परत आत ठेवा.

कुठलं पाणी हेही बघा. धरणाचं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी चालून जातं. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड असतं, मुळांच्या टोकांवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि ती काळी पडतात. नव्या सोसायट्यांमध्ये वर्षातले बरेच महिने टँकरच असतो, त्यांनी आरओचं पाणी वापरा, आणि आरओमधून जे बाहेर टाकलेलं पाणी येतं ते मात्र ऑर्किडला कधीही नाही, सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. पावसाचं पाणी सगळ्यात छान. पहिल्या एक-दोन सरी गच्ची धुऊन जाऊ द्या आणि मग बादल्या भरून झाकून ठेवा.

साखरपाण्याचं म्हणाल तर नका करू. सडलेल्या मुळांभोवती बुरशी आणि जिवाणू आधीच टपलेले असतात, साखर त्यांनाच मिळते. मुळं फुटायची जी पावडर कलमांसाठी मिळते तीही नको, तिचं प्रमाण गुलाबाच्या किंवा जास्वंदीच्या काडीसाठी असतं, ऑर्किडच्या मुळांची टोकं त्यात काळी पडतात. काही द्यायचंच असेल तर समुद्री शेवाळाचा अर्क, सीवीड म्हणून मिळतो तो, बाटलीवर लिहिलंय त्याच्या अर्ध्या प्रमाणात, पंधरा दिवसांतून एकदा. खत तर आत्ता बिलकूल नको. मुळं नसताना खत म्हणजे नुसते क्षार.

मग वाट बघायची, आणि ह्या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. पहिले दीड-दोन महिने काहीही दिसत नाही. पानं अजून थोडी सुरकुततात, खालचं एक पान पिवळं पडून जातं, आणि माणूस घाबरून झाड उपसून बघतो. उपसू नका. झाड उचलून मुळं फुटली का ते बघणं म्हणजे जे फुटत असेल ते मोडणं. बघायचं ते बाहेरून, बुंध्यावर, पान जिथे बुंध्याला बिलगतं त्या खाचेत. तिथे एक बारीक फुगीर टेंगूळ दिसेल, कधी पानाचं बूड किंचित चिरल्यासारखं दिसेल, आणि एक दिवस त्यातून हिरवं किंवा जांभळट, ओलसर चमक असलेलं टोक बाहेर येईल, मोहरीच्या दाण्याएवढं. जांभळ्या फुलाच्या झाडांत हे टोक बऱ्याचदा जांभळटच असतं, त्यामुळे सडलंय समजून खरवडू नका. ते टोक चमकतंय तोवर मूळ वाढतंय. एक मूळ दोन-तीन इंच झालं की झाड पाणी प्यायला लागतं आणि मग नवीन पान हलतं.

थंडीत हे सगळं हळू होतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकला रात्री १०-१२ अंशांवर उतरतात तेव्हा झाड जवळजवळ थांबतं, तेव्हा ते घरात आणा आणि पाणी कमी करा. मुळं जोमाने फुटतात ती उबदार आणि दमट हवेत, त्यामुळे तुमचं झाड पावसाळ्याच्या सुरुवातीला कोंबाशी घट्ट असेल तर नशीब चांगलं आहे असं समजा. पावसाळ्यात फक्त गोगलगायी बघा, नखाएवढ्या चपट्या, दिवसा कुंडीच्या भोकांत लपतात आणि रात्री नेमकी ती कोवळी टोकं खातात. रात्री टॉर्च घेऊन बघितलं की सापडतात, किंवा काकडीची चकती ठेवा, सकाळी तिच्याखाली गोळा झालेल्या असतात. आणि पानांच्या खाचांत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, इअरबडला स्पिरिट लावून पुसून काढा, आठवड्याने परत, कारण पिल्लं राहतात.

जुनी पानं परत पहिल्यासारखी कडक होतील का? थोडीफार भरतात, पण ज्या खोल सुरकुत्या पडल्या त्या बहुतेक तशाच राहतात, आतल्या पेशी दबून गेलेल्या असतात. त्यावरून झाडाची तब्येत ठरवू नका. नवीन पान गुळगुळीत आणि ताठ येतंय का, मुळांची टोकं चालू आहेत का, एवढंच बघा. पहिलं नवीन पान आधीच्यापेक्षा लहान आलं तरी काही बिघडत नाही.

दोन-तीन मुळं बोटभर झाल्यावर खत सुरू करा. कृषी केंद्रात १९:१९:१९ सहज मिळतं, एक लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही मुळं आधी साध्या पाण्याने ओली करून मगच. जास्त खताने लवकर भरेल असं अजिबात नाही. उजेड हळूहळू वाढवा, पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन चालेल, पान हाताला गरम लागलं तर मागे घ्या. डब्यात मॉसवर मुळं फुटलेलं झाड कुंडीत नेताना एकदम बाहेर काढू नका, आठवडाभर झाकण रोज थोडं जास्त वेळ उघडं ठेवत त्याला बाहेरच्या हवेची सवय लावा, आणि ती नवीन मुळं सरळ करायला जाऊ नका, वाकडी आली तर वाकडीच ठेवा, काचेसारखी तुटतात.

ज्यांच्याकडे डेंड्रोबियम आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. त्याचे दांडे सुरकुतले, पानं गळली तरी लगेच उपचार सुरू करू नका. बऱ्याच जाती थंडीत पानं टाकतात आणि जुने दांडे सुरकुततातच, ते त्यांचं साठवणीचं पोतं आहे. मुळं दाबून बघा, टणक असतील तर काही झालेलं नाही. मुळं खरोखर गेली असतील तर जुने दांडे कापू नका, ओलसर मॉसवर आडवे ठेवा, पेरावर पिल्लं फुटतात. त्या बाबतीत फॅलेनॉप्सिसपेक्षा हे झाड माफ करणारं आहे.

तुमच्या झाडाची आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. फॅलेनॉप्सिसला काही आठवडे हवा थोडी थंड राहिली की फुलाचा दांडा सुटतो, आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारीत. सावरणारं झाडसुद्धा दांडा काढतं, कधीकधी अशक्त असतानाच जास्त हौसेने काढतं. टोक हातमोज्याच्या अंगठ्यासारखं, वरच्या बाजूला वळलेलं दिसलं तर तो दांडा, गोल गुळगुळीत असेल तर मूळ. चार निरोगी पानं आणि कुंडीत दिसतील अशी पाच-सहा मुळं असतील तर फुलू द्या. तेवढं नसेल तर दांडा दोन इंचाचा असतानाच कापा, जखमेवर दालचिनी लावा आणि फुलं पुढच्या हिवाळ्यात घ्या.